वॉरहॅमर 40,000 : पहिली आर्मी ऑर्क्स की नेक्रॉन्स? आणि पावसाळ्यात खराब झालेल्या प्राइमरचं काय करू?

डोंगरी_फासा (पुणे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी आणि माझा मावसभाऊ दोघंही बोर्डगेमवाले. गेल्या डिसेंबरात बंगळुरूला एका मित्राकडे गेलो होतो, त्यानं आम्हाला त्याच्या दोन आर्म्या हातात दिल्या आणि शेजारी बसून वॉरहॅमर 40,000 ची, म्हणजे छोट्या मॉडेल्सच्या फौजा टेबलावर लढवायच्या खेळाची, एक छोटी गेम खेळवली, तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. टेबलावर आपण हलवलेली वीस मॉडेल्स एकदम समोरच्यावर जाऊन पडतात आणि फाशांचा खच पडतो, असं दुसऱ्या कुठल्या खेळात मला तरी मिळालेलं नाही.

तर जुलैमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुना लॉट घेतला, दहा इंटरसेसर्स, म्हणजे स्पेस मरीन्सचे साधे शिपाई. घाई झाली, भर पावसात गॅलरीत उभं राहून स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला आणि वाळल्यावर बघतो तर सगळ्यांच्या अंगावर वाळू चिकटल्यासारखं खरखरीत झालंय. चेहऱ्याचे डिटेल्स पार गेले. तेव्हापासून ते डब्यातच पडून आहेत आणि खरं सांगायचं तर बघितलं की वाईट वाटतं.

आता नीट सुरुवात करायचीय. माझं मन ऑर्क्सवर, म्हणजे त्या हिरव्या रांगड्या टोळीवर, आहे पण सगळे सांगतात नवीन माणसानं ऑर्क्स घेऊ नयेत, मॉडेल्स फार, रंगवताना जीव जातो, नेक्रॉन्स म्हणजे ते धातूचे सांगाडे घे. मी नेक्रॉन्स घेतले तर भावाला ऑर्क्स, किंवा उलटं, असा विचार चाललाय. थेट 2000 पॉइंट्सची आर्मी (प्रत्येक मॉडेलची ताकद पॉइंट्समध्ये मोजतात) घ्यावी का म्हणजे सारखं शिपिंग आणि कस्टम भरायला नको? आणि त्या दहा मरीन्सचं काही होऊ शकतं का?

ट्रेंटकाठचा (डर्बी, इंग्लंड)

सगळ्यात आधी, 2000 एकदम घेऊ नकोस. मी इथं नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणजे ज्या गावात हे सगळं बनतं त्याच्या दारातच, तिथल्या लेंटन भागात वॉरहॅमर वर्ल्ड हे त्यांचं दुकान आणि खेळायची जागा आहे तिथं महिन्यातून एकदा तरी फेरी होते, आणि दारात असूनसुद्धा माझ्याकडे सहा वर्षं न उघडलेले खोके होते. शिपिंग वाचवायचं म्हणून घेतलेलं सामान कपाटात बसलं की त्याचा ताण येतो. संध्याकाळी रंगवायला बसलास की समोर दहा मॉडेल्स असायला हवीत, शंभर दिसली की ब्रशच उचलवत नाही.

दुसरं म्हणजे नियम सारखे बदलतात. 1987 साली रिक प्रीस्टलीनं लिहिलेली पहिली आवृत्ती आली तेव्हापासून गेम चालूच आहे, आणि अलीकडचं बघ, आठवी एडिशन 2017, नववी 2020, दहावी 2023. पॉइंट्स तर एडिशनच्या मध्येसुद्धा वरखाली होतात, म्हणजे आज मोजून मापून 2000 बसवलेस तर सहा महिन्यांनी तीच मॉडेल्स 1940 किंवा 2060 होऊ शकतात. म्हणून पॉइंट्स बघून मॉडेल घेऊ नये, आवडलं म्हणून घ्यावं, नियम काही का होईनात ते मॉडेल तुझ्याजवळ राहणार आहे.

सुरुवातीला कॉम्बॅट पॅट्रोलचा, म्हणजे छोट्या तयार आर्मीचा, एक खोका घे. इथं शंभर पौंडांच्या आसपास पडतो, सुटं सुटं घेण्यापेक्षा स्वस्त, आणि त्या खोक्यातल्याच मॉडेल्सनी खेळायची वेगळी छोटी गेम आहे, टेबल फक्त 44 बाय 30 इंच लागतं. एक टीप, कोडेक्स म्हणजे आर्मीचं पुस्तक सेकंडहँड घेणार असशील तर आत ॲपचा कोड असतो, तो एकदाच चालतो, वापरलेला आहे का ते आधी विचार.

टेबलाचं पण सांगून टाकतो, कारण भारतात असताना माझं घोडं तिथंच अडलं होतं. दुकानात प्लायवुडची शीट 8 बाय 4 फुटांची मिळते, म्हणजे 96 बाय 48 इंच. त्यातून 1000 आणि 2000 पॉइंट्सच्या गेमसाठी लागणारा 60 बाय 44 चा तुकडा काप, उरलेला 36 इंचाचा जो भाग आहे त्यातून 44 बाय 30 बरोब्बर निघतो. एका शीटमध्ये दोन्ही टेबलं. सुताराकडून कडा घासून घे आणि दिवाणाखाली सरकव.

आणि भावाला उरलेली आर्मी देऊ नकोस. हे मी कळकळीनं सांगतोय. माझ्या धाकट्या भावाला मी असाच एक खोका दिला होता, माझ्यासमोर कुणीतरी खेळायला हवं म्हणून, त्यानं तीन गेम खेळल्या आणि सोडून दिलं, कारण ती आर्मी त्याची कधी झालीच नाही. त्याला स्वतःला निवडू दे, मग त्यानं काहीही निवडो.

रंगाची_डबी (ठाणे)

मरीन्सचं होईल, टाकू नका! आधी ते सांगते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, केमिकलच्या दुकानात मिळतं, झाकणाच्या काचेच्या बरणीत मॉडेल्स बुडतील एवढं ओता, तासाभरानं एकेक काढून जुन्या मऊ टूथब्रशनं घासा. अंगावर जोर नाही द्यायचा, खाचांमध्ये गोल गोल फिरवायचं, हट्टी डाग राहिले तर परत बुडवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. हे प्लास्टिकच्या मॉडेल्ससाठी हं, रेझिनची असतील तर इतका वेळ ठेवू नका. नंतर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. माझी आठ मॉडेल्स अशीच वाचली आहेत, ढालीवरचे बारीक रिवेट्ससुद्धा परत दिसायला लागले.

खरखर का होते तर हवेतल्या दमटपणानं स्प्रे नीट बसत नाही. शिवाय डबा लांब धरला तर रंग हवेतच अर्धा वाळून मॉडेलवर भुकटीसारखा पडतो, हे उन्हाळ्यातसुद्धा होतं. आमच्याकडे ठाण्याला जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हातच लावत नाही. ब्रशनं लावायचा पाण्याचा प्राइमर मिळतो, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचा. पहिला हात ठिगळ ठिगळ दिसतो, घाबरून जाड लावायला जाऊ नका.

आता ऑर्क्स विरुद्ध नेक्रॉन्स. मी दोन्ही रंगवलेत. नेक्रॉन वॉरिअर म्हणजे धातूचा सांगाडा, सगळ्यावर लेडबेल्चर हा धातूचा रंग, त्यावर नल्न ऑइलचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ काळा रंग, वाळल्यावर कोरड्या ब्रशनं चंदेरी रंग वरवर फिरवला आणि डोळ्यांत न् बंदुकीत हिरवा भरला की झालं, दहा मॉडेल्स दोन संध्याकाळी. ऑर्क बॉइजचं, म्हणजे त्यांच्या साध्या शिपायांचं, तसं नाही, कातडी वेगळी, चामड्याचे पट्टे वेगळे, फाटकी चड्डी, गंजलेलं लोखंड, दात, नखं. मला वीस बॉइजना पाच आठवडे लागले, रोज तासभर धरून. पण मला विचाराल तर ते पाच आठवडे माझे सगळ्यात छान गेले, कारण ऑर्कला चूक माहीत नाही. रंग बाहेर गेला तर तो चिखल, ओघळ आला तर तो गंज. नेक्रॉनच्या गुळगुळीत खांद्यावर बोटाचा ठसासुद्धा दिसतो. त्यामुळे नवीन माणसानं ऑर्क्स घेऊ नयेत हे मला पटतच नाही. ज्याला रंगवायची आवड आहे त्यानं खुशाल घ्यावेत, फक्त एका वेळी पाचच मॉडेल्स टेबलावर घ्या.

ऑर्कची कातडी अशी करा, काळा प्राइमर, त्यावर पांढरा कोरडा ब्रश वरून खाली, मग कॉन्ट्रास्ट म्हणजे खाचांत साचणाऱ्या पातळ रंगांतला हिरवा ऑर्क फ्लेश. उंच जागा आपोआप उजळ राहतात आणि खाचा गडद. पाच चेहरे तासाभरात होतात.

बेससाठी, म्हणजे मॉडेलच्या पायाखालच्या चकतीसाठी, विकतची वाळू नका आणू. नदीकाठची किंवा बांधकामाची वाळू चहाच्या जुन्या गाळणीनं चाळा, धुवा, वाळवा, फेविकॉल लावून त्यात बेस दाबा. वरून काळपट चॉकलेटी रंग आणि कोरड्या ब्रशनं हलका पिवळट हात फिरवा. थर्माकोलचे पडके वाडे करणार असाल तर त्यावर स्प्रे मारायच्या आधी फेविकॉल आणि ॲक्रिलिकचा जाड थर द्या, नाहीतर स्प्रे थर्माकोल खाऊन टाकतो.

सहा_पडू_दे (नागपूर)

रंगाचं ताईंनी सांगितलंच आहे, मी खेळाचं बोलतो, कारण आर्मी निवडताना ती टेबलावर कशी वागते हे कुणी सांगत नाही, आणि मग माणूस पाच गेम हरला की आर्मीवर चिडतो.

दहाव्या एडिशनच्या नियमांत नेक्रॉन्सचं सगळं त्यांच्या परत उठण्यावर आहे. तुमच्या पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्याच्या, म्हणजे कमांड फेजच्या, शेवटी प्रत्येक युनिटमध्ये (एकत्र हलणाऱ्या गटात) डी थ्री एवढ्या जखमा भरून येतात, म्हणजे वॉरिअर्स असतील तर एक ते तीन मेलेले परत उभे. पण युनिटमध्ये एक तरी जिवंत असला पाहिजे. पूर्ण युनिट गेलं की गेलं. आता ऑर्क्सचं बघा. गेममध्ये एकदा वाऽऽ पुकारता येतो, त्या फेरीत हातघाईच्या हत्यारांना एक ॲटॅक आणि एक स्ट्रेंग्थ जास्त, फाशावर पाच किंवा जास्त पडला की वाचवणारा, कुठल्याही हत्यारापुढे न घटणारा इनव्हल्नरेबल सेव्ह, आणि ॲडव्हान्स (जास्तीची धाव) करून सुद्धा चार्ज (थेट हल्ला) मारता येतो.

हिशेब करू. चॉपा म्हणजे कुऱ्हाडवाले नऊ बॉइज, त्यांचा म्होरक्या नॉब बाजूला ठेवा. साधे तीन ॲटॅक्स, वाऽऽमध्ये चार, म्हणजे 36 फासे. तीन किंवा जास्त पडला की हिट, 24. स्ट्रेंग्थ पाच, समोर टफनेस (चिवटपणा) चार, परत तीन किंवा जास्त, 16 जखमा. वॉरिअर्सचा सेव्ह (चिलखतानं वाचायला लागणारा फासा) चारचा, चॉपामुळे पाचचा होतो, म्हणजे सरासरी 10.7 मरतात. दहाचं युनिट साफ, उठायला कुणी उरतच नाही. आणि तेच वाऽऽ नसताना करून बघा, 27 फासे, 18 हिट्स, आता स्ट्रेंग्थ चारच म्हणून चार किंवा जास्त, 9 जखमा, 6 मेले. चार उरले आणि पुढच्या कमांड फेजला त्यातले एक ते तीन परत आले. ऑर्क्सवाल्याचा सगळा खेळ वाऽऽ नेमका कुठल्या फेरीत पुकारायचा यावर आहे आणि नेक्रॉनवाल्याचा सगळा खेळ त्या एका फेरीत आपलं मोठं युनिट त्याच्या हाताला लागू न देण्यावर. म्हणून हे दोघं समोरासमोर फार छान खेळतात.

उलट बाजूनं, दहा वॉरिअर्स 12 इंचांच्या आत आले तर जवळून दुप्पट गोळ्या देणाऱ्या रॅपिड फायरमुळे 20 फासे, चार किंवा जास्तवर 10 हिट्स, त्यातल्या ज्या फाशांवर सहा पडला ते लीथल हिट्स या नियमामुळे थेट जखम, बाकीचे पाच किंवा जास्तवर, असं करून साधारण 5.6 जखमा, बॉइजचा सेव्ह पाचचा, पावणेचार मरतात. 12 च्या बाहेर राहिलात तर त्याच्या निम्मे. म्हणजे ऑर्कला थांबवायला गोळीबार पुरत नाही, रस्त्यात काहीतरी आडवं लागतं.

तुमच्या मरीन्सचं पण काढलं. पाच इंटरसेसर्स, बोल्ट रायफल, 10 फासे, बॉइजवर मारल्या तर दोनसुद्धा पूर्ण मरत नाहीत, 1.85. आणि त्याच नऊ बॉइजनी वाऽऽमध्ये मरीन्सना गाठलं तर 16 जखमांपैकी सेव्हनंतर 8 राहतात, प्रत्येकाला दोन वुंड्स, म्हणजे चार मरीन्स. तीच लाट, तेच फासे, पण नेक्रॉन्स दहा पडतात आणि मरीन्स चार. मरीन्स का लोकप्रिय आहेत ते इथं कळतं, चुका पोटात घालतात.

अजून एक, डीप स्ट्राइकनं (टेबलाबाहेरून मध्येच येऊन) उतरून लगेच चार्ज मारायचा मोह होतो. 9 इंच लागतात, दोन फाशांवर 9 किंवा जास्त यायची शक्यता 36 मधली 10. कमांड री-रोल (फासे परत टाकायची सोय) हाताशी ठेवला तरी निम्म्याला जरा कमीच. सगळी गेम त्यावर लावू नका.

चौकटीबाहेर (बंगळुरू)

सगळ्यांचं बरोबर पण मी वेगळं सांगेन. दोघंच खेळणार आणि दोघंही नवीन, तर आधी किल टीम, म्हणजे याच विश्वातला छोट्या चकमकींचा खेळ, खेळा. एका बाजूला सहा ते चौदा मॉडेल्स, 22 बाय 30 इंचाचा बोर्ड, डायनिंग टेबलच्या कोपऱ्यावर मावतो. त्या दहा मरीन्सच्या खर्चात तुमचं भागेल. किंवा वन पेज रूल्सचं ग्रिमडार्क फ्यूचर, नियम फुकट आहेत आणि कुठलीही मॉडेल्स चालतात.

ट्रेंटकाठचा (डर्बी, इंग्लंड)

@चौकटीबाहेर किल टीम चांगलीच आहे, मीही खेळतो, पण त्याची पहिली पोस्ट परत वाचा. त्याला वीस मॉडेल्स एकदम जाऊन पडतात ते आवडलंय. ज्याला बॅटलफील्ड आवडलं त्याला सहा मॉडेल्सची चकमक दिली तर त्याची हौस भागणार नाही.

डोंगरी_फासा (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @रंगाची_डबी ताई, काल रात्री पहिले दोन मरीन्स बरणीत टाकले आणि तासाभरानं घासले, हेल्मेटच्या बाजूची नळी परत दिसली तेव्हा मी भावाला झोपेतून उठवून दाखवली. खांद्याच्या खालच्या बाजूला थोडं राहिलंय, परत बुडवतो.

@ट्रेंटकाठचा दादा, तुमचं भावाबद्दलचं वाचलं आणि तसंच्या तसं त्याला वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मला यातलं काहीच नको, मला हे दहा दे, मी घासतो. म्हणजे मी ज्यांना खराब झाले म्हणून डब्यात टाकलं होतं तेच त्याला हवेत.

दोन प्रश्न राहिले. चॅप्टरचा, म्हणजे मरीन्सच्या पथकाचा, रंग ठरलेल्यांपैकीच लागतो का? त्याला अबोली करायचाय, आजीच्या दारातल्या अबोलीसारखा. आणि पुण्याहून मुंबईला कधी खेळायला न्यायचं झालं तर गर्दीत मॉडेल्स मोडत नाहीत का?

रंगाची_डबी (ठाणे)

अबोली!! करा करा. स्वतःचा चॅप्टर बनवायला कुणाची परवानगी लागत नाही, नाव द्या, खूण ठरवा, नियम मरीन्सचेच वापरायचे. अबोली थेट काळ्यावर मारू नका, मळकट दिसेल. आधी फिकट गुलाबी किंवा हस्तिदंती हात द्या, त्यावर पातळ नारिंगी, दोन-तीन वेळा. खाचांना काळा वॉश नको, तांबूस चॉकलेटी घ्या, फूल ताजं दिसेल.

न्यायचं सोपं आहे. प्रत्येक बेसखाली छोटं निओडिमियम मॅग्नेट चिकटवा आणि दिवाळीच्या फराळाचा पत्र्याचा डबा घ्या, तळाला उभी करून ठेवायची. मी दादरपर्यंत लोकलनं नेते, डबा मांडीवर, आजवर फक्त एका ऑर्कचा भाला तुटलाय. जोडताना मात्र प्लास्टिकचं सिमेंट वापरा, ते प्लास्टिक वितळवून एकजीव करतं. फेविक्विकचा जोड पडला की कटकन सुटतो, ते रेझिन आणि धातूसाठी.

सहा_पडू_दे (नागपूर)

मग मरीन्स विरुद्ध ऑर्क्स ठरलं. पहिल्या गेम्स 500 च्या आतच ठेवा, मरीन्सचे पॉइंट्स जेवढे भरतील तेवढेच ऑर्क्स उतरवा. स्ट्रॅटजेम्स म्हणजे खास डावांपैकी पहिल्या दोन गेम्सना फक्त कमांड री-रोल, बाकी विसरा. टेबलाच्या मध्यभागी एक तरी मोठा पडका वाडा हवा, आरपार दिसत नाही असा, नाहीतर ऑर्क्स पोचायच्या आत मरतात आणि ऑर्क्सवाल्याला वाटतं आर्मीच वाईट. आणि मारामारीच्या नादात ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ताब्यात ठेवायच्या जागा, विसरू नका, पाच फेऱ्या संपल्यावर किती मेले हे कुणी मोजत नाही. रंगवलेल्या आर्मीला मॅच्ड प्लेमध्ये, म्हणजे पॉइंट्स जुळवून खेळायच्या गेममध्ये, जिंकण्याच्या 100 पैकी 10 पॉइंट्स मिळतात हेही लक्षात ठेवा, मी दोन गेम्स त्या दहावर जिंकलोय.

डोंगरी_फासा (पुणे)

सहा आठवड्यांनी परत येतोय. प्लाय कापून आणला, दादांनी सांगितल्याप्रमाणे एका शीटमध्ये दोन्ही निघाले. दहाही मरीन्स घासून झाले, सात अबोली झालेत, भावानं गुडघ्यावर हातानं छोटं पान काढलंय प्रत्येकाच्या. माझे बॉइज मागवलेले आले, पाच पाच करत चौदा झाले.

काल रात्री पहिली गेम खेळलो. मी वाऽऽ दुसऱ्याच फेरीत पुकारला, घाई झाली, चार्ज आठ लागत होता आणि पाच आला, री-रोल आधीच वापरून टाकला होता. पुढच्या फेरीत पोचलो तोवर वाऽऽ संपलेला. भावाचे तीन मरीन्स मधल्या वाड्यात ऑब्जेक्टिव्हवर शेवटपर्यंत टिकले आणि तो जिंकला. रात्री दीडपर्यंत आम्ही ती एकच फेरी परत परत मांडून बघत होतो, थांबलो असतो तर काय झालं असतं म्हणून. पुढच्या रविवारी परत आहे, तेव्हा राहिलेले सहा बॉइज काळ्या प्राइमरवरच उतरतील.